पेनड्राइव्हचं जुळं

जर्मनीतल्या क्लाउस क्नॉपर यांनी २००० साली एक सीडी लोकांपुढे ठेवली. ती संगणकात घालायची, यंत्र सुरू करायचं, आणि आतल्या हार्डडिस्कला हात न लावता अख्खा लिनक्स पडद्यावर हजर. सातशे एमबीच्या चकतीत दाबून बसवलेलं सॉफ्टवेअर उलगडलं की दोन जीबीच्या घरात जायचं. बसलेल्या विंडोजमधून फायली काढायला, अनोळखी यंत्र तपासायला, कॉलेजात 'लिनक्स म्हणजे काय' ते नुसतं दाखवायला या 'क्नॉपिक्स'चा फार उपयोग झाला. क्नॉपर यांच्या पत्नी आद्रियाने यांना दृष्टिदोष आहे. त्यांच्या नावाने पुढे बोलून दाखवणारा डेस्कटॉपही त्यात आला.

त्या सीडीला लक्षात ठेवणं मात्र जमत नव्हतं. यंत्र बंद केलं की दिवसभराचं सगळं गेलं, आणि सकाळी प्रणाली पुन्हा कोरी करकरीत. याचा वैताग यायचा आणि आधारही वाटायचा. कुणी काही बिघडवलं तरी ते संध्याकाळपुरतं. चकतीवर चरे पडले तर मित्राकडून दुसरी राइट करून आणायची. दोन्हींत तिळाचा फरक नसे. बॅकअप घ्यायला त्यात आपलं असं काही नव्हतंच.

त्याच २००० सालाच्या शेवटी आयबीएमने विकायला काढलेल्या पेनड्राइव्हमध्ये आठ एमबी मावायचे. आजच्या मोबाइलमधले दोन-तीन फोटो, बस्स. पुढच्या काही वर्षांत जागा जीबींमध्ये गेली, संगणक यूएसबीवरून बूट होऊ लागले आणि लिनक्स सीडीवरून पेनड्राइव्हवर आला. आता त्याला लिहिता येत होतं. वायफायचा पासवर्ड, ब्राउझरमधल्या खुणा, अर्धवट सोडलेला लेख, मराठीचा कीबोर्ड, हे सगळं तो दुसऱ्या दिवसापर्यंत सांभाळू लागला. म्हणजे गमवायलाही काहीतरी तयार झालं.

आज असे पेनड्राइव्ह बाळगणारे लोक नाना प्रकारचे आहेत. घरी स्वतःचा संगणक नसलेला विद्यार्थी कॉलेजच्या लॅबमधल्या यंत्राला तो लावतो. दुरुस्तीवाल्याच्या किल्ल्यांच्या जुडग्यात एखादा लटकत असतो. 'विंडोज मारून देतो' म्हणणारा हा माणूस आधी गिऱ्हाइकाचा डेटा काढतो तो बहुधा लिनक्स चालवूनच. पाळतीची भीती असलेला पत्रकार असतो. जुन्या लॅपटॉपची हार्डडिस्क गेल्यावर नवी घेण्याऐवजी पेनड्राइव्हवरच वर्ष काढणारे काटकसरी असतात. या सगळ्यांचा प्रश्न एकच: याची दुसरी प्रत कशी काढू? त्यावर आधी उलटा प्रश्न विचारावा लागतो, प्रत कशाची?

अशा पेनड्राइव्हवर दोन गोष्टी एकत्र नांदतात. एक प्रणाली: कर्नल, डेस्कटॉप, लिबरऑफिस, फायरफॉक्स. ही जगभर फुकट मिळते, उद्याही मिळेल, आणि उद्याची आजच्यापेक्षा ताजी असेल. दुसरी तुमची भर. ती बहुतेकदा प्रणालीपेक्षा कितीतरी लहान असते, पण जगात दुसरीकडे कुठेच नसते. क्लोन काढताना दोन्हींची सरमिसळ होते. बॅकअप घेताना त्या वेगळ्या करता येतात. या विषयात मन लावून समजून घेण्यासारखं काही असेल तर ते एवढंच, असं माझं मत आहे. कमांड कुणीही शोधून देतो.

मराठीत काम करणाऱ्याची भर तर थोडी जास्तच असते. इन्स्क्रिप्ट किंवा फोनेटिक कीबोर्ड, आयबसमधली मांडणी, लोहित किंवा मुक्ता यांसारखे फॉन्ट, शुद्धलेखन तपासणीत आपण घातलेले शब्द. यातलं बरंच काही होम फोल्डरच्या आत, टिंबाने सुरू होणाऱ्या लपलेल्या फोल्डरांत असतं. ते डोळ्यांना दिसत नाही, म्हणून माणूस 'डॉक्युमेंट्स' तेवढं कॉपी करून निर्धास्त होतो. नव्या पेनड्राइव्हवर पहिलं वाक्य टाइप करायला गेला की अक्षरं रोमन उमटतात, आणि मग ती सगळी मांडामांड आठवून आठवून पुन्हा करावी लागते.

भर नेमकी कुठे साठते, हे लिनक्स पेनड्राइव्हवर कोणत्या पद्धतीने घातलाय यावर ठरतं.

सगळ्यात प्रचलित पद्धत लाइव्ह प्रणालीला स्मरणशक्ती जोडण्याची. मूळ प्रणाली एका घट्ट दाबलेल्या, फक्त वाचता येणाऱ्या फायलीत असते आणि तुमचे बदल वेगळ्या जागी लिहिले जातात. छापील नकाशावर ट्रेसिंग पेपर ठेवून त्यावर पेन्सिलीने रेघा माराव्यात, तसं. दोन थर एकत्र करून दाखवण्याचं काम कर्नलमधली ओव्हरलेएफएस ही सोय करते. ती २०१४ च्या डिसेंबरात आलेल्या ३.१८ आवृत्तीपासून मूळ कर्नलमध्येच आहे. उबंटूत बदलांची ही जागा 'कॅस्पर-आरडब्ल्यू' नावाने वर्षानुवर्षं ओळखली गेली, डेबियनमध्ये 'पर्सिस्टन्स' नावाने. ती फॅट३२ पार्टिशनवर फाइल म्हणून ठेवली तर चार जीबीपुढे वाढत नाही, कारण फॅट३२ला त्याहून मोठी फाइल पेलत नाही.

या रचनेत बॅकअप सोपा असतो, कारण आपलं ते सगळं वरच्या थरात. पण अपडेट मारत राहिलं की गंमत संपते. नवा फायरफॉक्स वरच्या थरात येतो आणि जुना खालच्या थरात तसाच पडून राहतो. एकाच सॉफ्टवेअरने दोनदा जागा खाल्ली. नवा कर्नल घातला तरी लाइव्ह प्रणाली बरेचदा आपल्या जुन्याच कर्नलवर सुरू होते. वरचा थर गच्च भरला की लॉगिनचा पडदा येतो, पासवर्ड दिला की पुन्हा लॉगिनचाच पडदा. वापरणाऱ्याला वाटतं पेनड्राइव्ह करप्ट झाला. झालेलं असतं एवढंच की लिहायला जागा उरलेली नाही.

पपी लिनक्सचे कर्ते बॅरी कॉलर ऑस्ट्रेलियाचे. त्यांनी २००३ साली हे सगळं फार शहाणपणाने मांडलं. पपी सुरू होताना स्वतःला रॅममध्ये चढवून घेतो. तुमची भर एका 'सेव्ह फाइल'मध्ये. ती फाइल कॉपी केली की बॅकअप झाला. पेनड्राइव्हवर चालताना पपी दर क्षणाला लिहीत बसत नाही. ठरावीक अंतराने, पूर्वीच्या मांडणीत दर अर्ध्या तासाने, आणि बंद होताना एकदम लिहितो. त्यातला धोका उघड आहे: मध्येच वीज गेली तर शेवटचा अर्धा तास गेला. तरीही पेनड्राइव्हच्या आतलं जग ओळखून केलेली ही तडजोड आहे, आणि तिची थोरवी आतली चिप कशी चालते ते कळल्यावरच लक्षात येते.

* * *

फ्लॅश मेमरी ही जपानच्या तोशिबा कंपनीतल्या फुजिओ मासुओका यांची देणगी. १९८४ साली त्यांनी तिचा पहिला प्रकार जगापुढे मांडला, १९८७ साली दुसरा, नँड नावाचा, जो आज पेनड्राइव्ह, मेमरी कार्ड आणि एसएसडी या सगळ्यांत आहे. विजेचा भार एका निरोधक वेष्टनात कोंडून ठेवायचा आणि त्या भारावरून शून्य की एक ते ओळखायचं, हे तिचं मूळ तत्त्व. भार कोंडताना आणि काढताना त्या वेष्टनाची दरवेळी थोडी झीज होते. एका पेशीत एकच बिट ठेवणाऱ्या महागड्या चिपा लाखभर वेळा पुसणं सोसायच्या. स्वस्त मालात आता एका पेशीत तीन-तीन, चार-चार बिट कोंबतात, आणि ती सहनशक्ती हजार ते तीन हजारांच्या आसपास, कधी त्याहूनही खाली आली आहे.

आणखी एक अडचण. लिहिता येतं पानापानाने, पुसता येतं फक्त गठ्ठ्याने. एका गठ्ठ्यात शेकडो पानं. त्यामुळे चार केबीची एक नोंद बदलायची तरी आतला कंट्रोलर नवं पान दुसरीकडे लिहितो, जुनं रद्द धरतो, आणि कधीतरी जागेची निकड आली की जिवंत पानं उचलून अख्खा गठ्ठा धुऊन काढतो. तुम्ही लिहिता त्याहून किती तरी जास्त लिखाण आत होत असतं. आणि पूर्ण इन्स्टॉल केलेला लिनक्स तर सतत लिहीतच असतो: लॉग, ईएक्सटी४चं जर्नल, ब्राउझरचा कॅश, कोणती फाइल शेवटची कधी वाचली त्याच्या नोंदी. यातल्या बऱ्याच गोष्टी आवरता येतात. 'नोएटाइम' हा पर्याय लावावा, लॉग आणि कॅश रॅममध्ये ठेवावेत, स्वॅप पेनड्राइव्हवर ठेवू नये. रास्पबेरी पायवर वर्षभर चालणारी मेमरी कार्डं या काळजीने जगतात आणि तिच्यावाचून मरतात. त्यातून लिहिता लिहिता वीज गेली तर झीज व्हायचीही वाट पाहावी लागत नाही.

हार्डडिस्क मरण्याआधी निदान खरखरते. एसएसडी विचारलं तर आपल्या झिजेचा आकडा सांगते. साधा पेनड्राइव्ह काहीच सांगत नाही. काल चालला, आज लावला तर 'इन्सर्ट डिस्क' म्हणतो. काही पेनड्राइव्ह शेवटी फक्त वाचण्यापुरते उरतात, लिहू देत नाहीत. तसं झालं तर नशीब समजावं आणि त्याच बैठकीत सगळं काढून घ्यावं. शिवाय कोंडलेला भार हळूहळू गळतो, उष्णतेत लवकर. कपाटात, त्यातून गच्चीखालच्या खोलीतल्या कपाटात, वर्षानुवर्षं पडलेला पेनड्राइव्ह 'बॅकअप' म्हणून भरवशाचा धरू नये.

* * *

आता प्रत्यक्ष प्रत. सगळ्यात जुनं हत्यार म्हणजे युनिक्सच्या १९७० च्या दशकातल्या आवृत्त्यांपासून चालत आलेली 'डीडी' ही कमांड. एका उपकरणावरचा प्रत्येक बिट पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचायचा आणि दुसरीकडे लिहायचा, एवढंच तिला कळतं. फायली, पार्टिशन, रिकामी जागा, पुसून टाकलेल्या जुन्या फायलींचे अवशेष, सगळं समान. म्हणूनच तिचा क्लोन कोणत्याही प्रणालीचा निघतो. म्हणूनच ती घातकही आहे. वाचायचं कुठून आणि लिहायचं कुठे ही दोन नावं उलटी पडली तर ती काही विचारत नाही, कोरा पेनड्राइव्ह भरलेल्यावर चढवून मोकळी होते. आणि 'एसडीबी', 'एसडीसी' ही नावं कायमची नसतात. कोणता पेनड्राइव्ह आधी सापडला त्यावर ती ठरतात. जाणकार लोक कमांड देण्याआधी 'एलएसबीएलके'ने आकार आणि मॉडेल पाहून घेतात, किंवा ज्यात कंपनीचं नाव आणि अनुक्रमांक असतो ते लांबलचक नाव वापरतात.

चालू असलेल्या प्रणालीने स्वतःचाच क्लोन काढू नये. प्रत अर्ध्यावर असताना मागे कुठली तरी फाइल बदलते, आणि प्रतीत तिचा अर्धा भाग जुना, अर्धा नवा येतो. तिसऱ्या एखाद्या लाइव्ह पेनड्राइव्हवरून संगणक सुरू करावा आणि मूळ व प्रत दोन्ही 'अनमाउंट' असताना काम करावं. वेळ लागतो. बत्तीस जीबीचा पेनड्राइव्ह सेकंदाला तीस एमबीने वाचला तर अठरा मिनिटं. पण स्वस्त पेनड्राइव्ह लिहिताना आठ एमबीवर येतो, आणि मग तासाहून जास्त. त्यात लिनक्स लिहायचा मजकूर आधी रॅममध्ये गोळा करतो, त्यामुळे 'झालं' दिसलं तरी झालेलं नसतं. 'सिंक' दिल्यावर ते परत येईपर्यंत पेनड्राइव्ह ओढायचा नाही.

तेवढं सांभाळलं तरी शेवटच्या काही एमबींवर घोटाळा होऊ शकतो. सोळा जीबी म्हणून विकलेले दोन कंपन्यांचे पेनड्राइव्ह आतून तंतोतंत सारखे नसतात. प्रत जरा लहान निघाली तर डीडी तासभर राबून शेवटी 'जागा संपली' म्हणते. उपाय आधीच करायचा असतो: मूळ पेनड्राइव्हवर पार्टिशन पाडताना शेवटची थोडी जागा मोकळी सोडायची. प्रत मोठी असेल तर वेगळाच प्रश्न. जीपीटी पद्धतीत पार्टिशनच्या तक्त्याची एक राखीव नक्कल डिस्कच्या अगदी टोकाला असते, आणि क्लोनमध्ये ती मध्येच कुठेतरी येऊन पडते. जीपार्टेड हे ओळखतं, दुरुस्त करू का विचारतं. हो म्हणावं आणि मग पार्टिशन वाढवावं.

पेनड्राइव्हवरून पेनड्राइव्हवर क्लोन काढण्यापेक्षा हार्डडिस्कवर तारीख घालून 'इमेज' फाइल काढणं मला जास्त शहाणपणाचं वाटतं. कारण क्लोन एकच असतो आणि दर रविवारी तो नव्याने चढवला तर आधीचा जातो. मंगळवारी चुकून पुसलेलं प्रकरण रविवारच्या क्लोनमध्येही पुसलेलंच असतं. तारखेच्या तीन इमेज असतील तर मागे जाता येतं. त्या दाबून लहान करता येतात, पण त्याआधी रिकाम्या जागेत शून्यं भरावी लागतात; नाहीतर पुसलेल्या फायलींचा कचराही निष्ठेने दाबला जातो आणि फाइल काही लहान होत नाही.

डीडीचा हा आंधळेपणा टाळणारं साधन तैवानमधून आलं. तिथल्या राष्ट्रीय महासंगणन केंद्रात स्टीव्हन शाव आणि सहकाऱ्यांनी 'क्लोनझिला' तयार केलं. त्यातलं 'पार्टक्लोन' फाइल सिस्टिम ओळखतं आणि वापरात असलेले ब्लॉकच उचलतं. बत्तीस जीबीच्या पेनड्राइव्हवर सहा जीबी भरलेले असतील तर सहाच जीबींचं काम. क्लोनझिला स्वतःही पेनड्राइव्हवरून चालणारा छोटा लिनक्सच आहे. पडदे जुन्या वळणाचे, निळ्या-करड्या चौकटींचे, आणि दर पावलाला 'खात्री आहे का?' विचारणारे. डीडीने हात पोळलेल्यांना हा संशयी स्वभाव आवडतो. त्याचीही एक अट आहे: जिथे उतरवायचं ते पार्टिशन मुळापेक्षा लहान चालत नाही.

लहान पेनड्राइव्हवर जायचं असेल, किंवा रोजची भर तेवढी न्यायची असेल, तर आरसिंक. अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरस यांनी ऑस्ट्रेलियातल्या कॅनबेरात १९९६ साली ते जाहीर केलं. ते फायली पाहतं आणि बदललेल्या तेवढ्याच हलवतं. पण आरसिंकने केलेल्या प्रतीवरून संगणक आपोआप सुरू होत नाही. नवं पार्टिशन, त्याची नवी ओळख, 'एफस्टॅब'मध्ये त्या ओळखीची नोंद, आणि बूटलोडर पुन्हा बसवणं, हे हाताने करावं लागतं. होम फोल्डर आरसिंकने रोज आणि प्रणालीसाठी स्वतः घातलेल्या पॅकेजांची यादी एका साध्या मजकूर फायलीत, एवढ्यावर माझ्या मते दहातल्या आठ जणांचं भागावं. यादी असली की नव्या पेनड्राइव्हवर ताजी प्रणाली घालून एका कमांडीत सगळं परत आणता येतं.

आणि पेनड्राइव्ह आधीच आचके देत असेल तर यातलं काहीच वापरायचं नाही. डीडी पहिल्या वाचन-दोषाशी अडखळते. अँटोनियो दियाझ दियाझ यांचं 'डीडीरेस्क्यू' आधी जे सहज वाचता येतं ते भराभर उचलतं, वाईट जागांची नोंद एका नकाशा-फायलीत ठेवतं आणि मग त्या जागांकडे परत परत वळतं. मधेच थांबवलं तरी पुढे तिथूनच सुरू. दुरुस्तीचे सगळे प्रयोग निघालेल्या प्रतीवर करायचे. मरणाऱ्या मुळावर 'एफएससीके' चालवणं म्हणजे आहे तेही घालवणं.

* * *

क्लोन तयार झाला. आता तो मुळासारखाच आहे, आणि नेमका तिथेच गुंता होतो. लिनक्स पार्टिशन ओळखतो ते यूयूआयडी नावाच्या लांब आकड्यावरून, आणि क्लोनमध्ये तो आकडाही तोच. मूळ आणि प्रत एकाच वेळी संगणकाला लावली तर कर्नलला जे आधी सापडेल ते खरं. आपण प्रत तपासतोय असं समजून माणूस मुळावर लिहीत बसतो. बीटीआरएफएस वापरणाऱ्यांना तर त्याच्या कर्त्यांनीच बजावून ठेवलंय: अशा दोन प्रती एकत्र जोडल्या तर डेटा नासू शकतो. क्लोन काढला की यंत्र बंद, एक पेनड्राइव्ह बाहेर. दोन्ही सोबत वापरायचे असतील तर एकाचा यूयूआयडी बदलून घ्यायचा.

'लक्स'ने कूटबद्ध केलेल्या पेनड्राइव्हची गोष्ट आणखी नाजूक. तुमचा पासवर्ड म्हणजे आतल्या खऱ्या किल्लीवरचं झाकण. क्लोनमध्ये ती किल्ली तशीच येते. उद्या संशय आला म्हणून मुळाचा पासवर्ड बदलला, तरी क्लोन जुन्या पासवर्डने उघडतोच. ज्याच्या हाती तो जुना क्लोन आणि जुना पासवर्ड आहे, त्याच्याकडे मुळाचीही किल्ली आहे. पत्रकार आणि कार्यकर्ते यांनी हे नीट समजून घ्यावं.

त्यांच्यासाठीच बनलेल्या 'टेल्स'ने हा प्रश्न वेगळ्या रीतीने सोडवलाय. २००९ पासून चालत आलेली ही प्रणाली २०१३ साली एडवर्ड स्नोडेन प्रकरणात जगभर माहीत झाली. २०२४ मध्ये ती टॉर प्रकल्पात सामील झाली. टेल्स मुळात विसरणारी आहे. काही ठेवायचं असेल तर कूटबद्ध साठा उघडून काय काय राहावं ते एकेक करून निवडावं लागतं: फायली, वायफाय, ईमेल, जादा सॉफ्टवेअर. तिच्या क्लोनरमधून मित्राला टेल्सचा नुसता पेनड्राइव्ह काढून देता येतो, तुमचा साठा त्यात जात नाही. स्वतःसाठी बॅकअप हवा असेल तर साठ्यासकट प्रत काढायचा पर्याय वेगळा आहे. प्रणाली कोणती आणि भर कोणती ही विभागणी इथे वापरणाऱ्याला टाळताच येत नाही. बाकीच्या लिनक्सवाल्यांनी हे उचलायला काय हरकत आहे, मला कळत नाही.

वर्गासाठी एकाचे चाळीस करताना हा सारखेपणा आणखी बाधतो. चाळीसही यंत्रांचा 'मशीन-आयडी' एकच असला की नेटवर्क गोंधळतं, दोन यंत्रांना एकच पत्ता मिळतो. मूळ पेनड्राइव्हवर ती फाइल रिकामी करून मग क्लोन काढायचा; प्रत्येक प्रत पहिल्यांदा सुरू होताना आपला आयडी स्वतः बनवते. एसएसएचच्या किल्ल्याही प्रत्येक प्रतीत वेगळ्या असायला हव्यात.

घाऊक क्लोनची एक जुनी गोष्ट आपल्याही मुलखातून जाते. निकोलस निग्रोपाँटे यांच्या 'प्रत्येक मुलामागे एक लॅपटॉप' योजनेतल्या हिरव्या-पांढऱ्या यंत्रात हार्डडिस्क नव्हतीच. एक जीबी फ्लॅश, तीवर फेडोरा लिनक्स आणि 'शुगर' हा मुलांसाठीचा डेस्कटॉप. २००७ मध्ये ही यंत्रं महाराष्ट्रातल्या एका धनगरवाड्याच्या चिमुकल्या शाळेत पोचली होती. शेकडो यंत्रांत नवी प्रणाली भरणं हा या योजनेचा जगभरचा डोकेदुखीचा भाग. मिच ब्रॅडली यांनी त्यावर 'नँडब्लास्टर' काढलं: एक यंत्र वायफायवरून प्रणालीची इमेज हवेत सोडत राहायचं आणि खोलीतली बाकीची यंत्रं ती एकदमच झेलून आपल्या फ्लॅशमध्ये लिहून घ्यायची. पुढे २००९ साली वॉल्टर बेंडर आणि मंडळींनी तीच शुगर प्रणाली एक जीबीच्या पेनड्राइव्हवर आणली; शाळेतलं यंत्र कुठलंही असो, मुलाचं काम मुलाबरोबर. पण तेव्हाच्या फेडोरात बदलांचा थर प्रत्येक लिखाणाने भरत जायचा आणि फाइल पुसली तरी जागा परत मिळायची नाही. थर भरला की पेनड्राइव्ह सुरूच व्हायचा नाही. म्हणून मुलाचं काम त्या थराबाहेर, वेगळ्या होममध्ये ठेवायची सोय त्यात करावी लागली.

* * *

प्रत निघाली हे ती सुरू झाल्याशिवाय खरं मानू नये. आणि ती सुरू करायची ती मूळ खिशात नसताना, शक्यतो दुसऱ्याच संगणकावर. याला कारण आहे. काही इन्स्टॉलर लिनक्स पेनड्राइव्हवर घालतात पण बूटलोडर मात्र यजमान लॅपटॉपच्या हार्डडिस्कवर ठेवून येतात. घरी सगळं झकास चालतं, लॅबमध्ये पेनड्राइव्ह ओळखतच नाही, आणि इकडे घरचा लॅपटॉप पेनड्राइव्ह काढल्यावर काळा पडदा दाखवतो. पेनड्राइव्हचा बूटलोडर पेनड्राइव्हवरच, यूईएफआय ज्या ठरलेल्या फोल्डरात आपणहून शोधतं तिथे असावा लागतो. ग्रब बसवताना 'रिमूव्हेबल' असा पर्याय त्यासाठीच आहे.

पण नुसतं सुरू होणंही पुरेसं नाही, आणि याचं कारण बाजारात आहे. पुण्यात बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या आसपास किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडवर हिंडलं की अस्सल मालाच्या शेजारी अशक्य स्वस्त किमतीचे, नामांकित वेष्टनातले पेनड्राइव्ह दिसतात, ऑनलाइनही तेच. त्यातल्या बनावट मालाच्या कंट्रोलरला खोटं सांगायला शिकवलेलं असतं. चिप आठ जीबीची, सांगायचं एकशे अठ्ठावीस. आठ जीबीपुढे लिहिलेलं हवेत जातं किंवा आधीच्या मजकुरावर चढतं, तक्रार मात्र येत नाही. अशा पेनड्राइव्हवर काढलेला क्लोन बरेचदा व्यवस्थित बूट होतो, कारण कर्नल आणि बूटलोडर सुरुवातीच्याच जागेत असतात. नसतात ते मागच्या भागातले फोटो आणि प्रकरणं. मिशेल मचाडो यांचं 'एफथ्री' किंवा विंडोजवर हाराल्ड ब्योगेहोल्झ यांचं 'एच२टेस्टडब्ल्यू' पूर्ण पेनड्राइव्ह भरून परत वाचतं आणि खरी जागा सांगतं. तास-दोन तास जातात. नवा पेनड्राइव्ह आणल्यावर आधी हे, मग क्लोन, मग मूळ आणि प्रत यांच्या एसएचए२५६ बेरजा ताडून पाहणं. प्रत मुळापेक्षा मोठी असेल तर बेरीज मुळाच्या आकाराइतक्याच बाइटांची घ्यावी, आणि पहिल्यांदा बूट करण्याच्या आधी; एकदा सुरू झाला की क्लोन मुळासारखा राहत नाही. आणि मूळ व प्रत दोन्हींसाठी एकाच दुकानातून, एकाच डब्यातले दोन पेनड्राइव्ह घेऊ नयेत.

राहता राहिला जुना पेनड्राइव्ह. नव्यावर सगळं गेलं, आता हा भाच्याला सिनेमे भरायला द्यावा असं मनात येतं. फॉरमॅट केल्याने त्यातला मजकूर जात नाही, हे बहुतेकांना माहीत असतं. वरून शून्यं लिहिली तरी तो पूर्ण जातोच असं नाही, हे कमी लोकांना माहीत असतं. कंट्रोलर झीज वाटून देण्यासाठी पानं सतत इकडून तिकडे हलवत आलेला असतो आणि काही गठ्ठे राखीव ठेवतो. त्यांत जुन्या पानांच्या नकला राहू शकतात, आणि तिथे तुमची कमांड पोचतच नाही. सॅन डिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधकांनी २०११ मध्ये चिपा उचकटून थेट वाचून पाहिल्या. हार्डडिस्कसाठी बनवलेली, एकेक फाइल पुसण्याची कोणतीही पद्धत फ्लॅशवर भरवशाची ठरली नाही. अख्खी दिसणारी जागा दोनदा भरून काढणं बहुतेक वेळा पुरलं, नेहमी नाही. पेनड्राइव्ह पहिल्या दिवसापासून कूटबद्ध असेल तर हा प्रश्न जवळजवळ उरत नाही. नसेल, आणि त्यावर बँकेचे कागद, ओळखपत्रांचे स्कॅन किंवा कुणाचे खाजगी निरोप कधीकाळी होते, तर सिनेमांसाठी भाच्याला नवा घेऊन द्यावा. जुन्याचं कवच उघडावं, आतली काळी चौकोनी चिप पकडीने किंवा हातोडीने फोडावी, आणि उरलेलं ई-कचऱ्यात द्यावं.